गाड्यांच्या प्लास्टिक भागांचं दूषित भंगार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडीचे प्लास्टिक भाग बनवणाऱ्या कारखान्यातलं भंगार कधी रस्त्यावर धावलेलं नसतं, उन्हापावसात झिजलेलं नसतं. पॉलिमर म्हणून ते जवळजवळ नवंच असतं. तरी त्यातला बराच माल 'खराब आहे' म्हणून कवडीमोलाने उचलला जातो, नाहीतर जाळला किंवा पुरला जातो. मोल्डिंग करणारे (वितळलेलं प्लास्टिक साच्यात भरून भाग बनवणारे), भंगार उचलणारे आणि त्यापासून दाणा (मोल्डिंगचा कच्चा माल) बनवणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे घेतले आहेत.

दूषित भंगार नेमकं कशाला म्हणायचं?

या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात. पहिला मळ: धूळ, तेल, ग्रीस, पाणी. दुसरं चिकटलेलं: रंग, क्रोम, फोम, टेप, कापड, पितळी इन्सर्ट. तिसरी भेसळ, म्हणजे एका प्लास्टिकमध्ये मिसळलेलं दुसरं प्लास्टिक.

मळ धुतला जातो. चिकटलेलं खर्च केला तर सुटतं. भेसळ मात्र एकदा ग्राइंडरमधून गेली की काळ्या चुऱ्यात काळा चुरा, डोळ्यांना काही कळत नाही. गंमत अशी, की गोणी उघडल्यावर लोक नाक मुरडतात ती मळाला, आणि मशीन बंद पाडते ती भेसळ. तेलकट पण एकाच जातीचं भंगार आणि चकचकीत पण मिश्र भंगार यांत निवड करायची झाली, तर मी डोळे मिटून तेलकट घेईन.

माल नवा, मशीन आपलं, मग भेसळ येते कुठून?

बहुतेक वेळा चार जागांहून.

मटेरियल बदलताना मशीनच्या बॅरलमध्ये, म्हणजे प्लास्टिक वितळवणाऱ्या तापत्या नळीत, जुनं प्लास्टिक उरलेलं असतं. नव्या मालाचे पहिले काही शॉट (साच्यात मारलेल्या भरण्या) दोन्हींचं मिश्रण असतात, आणि ते नेहमीच्या रिजेक्टच्याच क्रेटमध्ये पडतात. दुसरी जागा ग्राइंडर. ब्लेडच्या मागे, जाळीच्या कोपऱ्यात, खालच्या पेटीत मागच्या बॅचचा चुरा बसलेला असतो. 'हवा मारली' म्हणजे ग्राइंडर साफ झाला असं नाही. जाळी काढून पुसावी लागते. तिसरी जागा असेंब्ली. तिथून परत आलेल्या रिजेक्ट भागावर क्लिपा, स्क्रू, फोमच्या पट्ट्या आणि रबरी सील तशाच असतात. चौथी, शिफ्ट संपतानाची झाडलोट. जमिनीवर सांडलेला दाणा 'वाया कशाला घालवायचा' म्हणून जवळच्या क्रेटमध्ये जातो.

एका कारखान्यात 'स्वच्छ पीपी' (पॉलिप्रोपिलीन) लिहिलेली गोणी आम्ही फरशीवर ओतून पाहिली होती. पीपी होतंच. सोबत हातमोज्याचं एक बोट, लेबलं, नायलॉनचे केबल टाय आणि मूठभर पांढऱ्या क्लिपा. क्लिपा बहुधा असिटल या प्लास्टिकच्या होत्या, आणि त्या का धोकादायक हे पुढे येईल. गोणी बांधणाऱ्याचा दोष नव्हता. त्याला तीन मशीनमध्ये मिळून एकच क्रेट दिला होता.

कुठल्या भागात कुठलं प्लास्टिक असतं?

ढोबळमानाने असं: बंपर पीपीचा, त्यात ईपीडीएम रबर आणि टाल्क ही खनिज पूड. ग्रिल आणि चकचकीत पट्ट्या एबीएसच्या. डॅशबोर्डचे भाग पीपी, एबीएस किंवा पीसी-एबीएसचे (पॉलिकार्बोनेट आणि एबीएसचं मिश्रण). इंजिनजवळचे भाग, म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड आणि रेडिएटरच्या बाजूच्या टाक्या, काचतंतू भरलेल्या नायलॉनचे. कनेक्टर पीबीटी (एक पॉलिस्टर) किंवा नायलॉनचे. हेडलॅम्पची काच पॉलिकार्बोनेटची, मागच्या दिव्याची बरेचदा अ‍ॅक्रिलिकची. क्लिपा आणि छोटे गिअर असिटलचे. इंधनाची टाकी एचडीपीईची (जास्त घनतेचं पॉलिइथिलीन).

अंदाजावर विसंबू नका, भाग उलटा करून मागची खूण वाचा. आयएसओ ११४६९ या मानकाप्रमाणे दोन कोनकंसांत प्लास्टिकचं नाव कोरलेलं असतं. 'पीए६६-जीएफ३०' म्हणजे नायलॉन ६६ मध्ये ३० टक्के काचतंतू, 'पीपी+ईपीडीएम-टीडी२०' म्हणजे रबरमिश्रित पीपीमध्ये २० टक्के टाल्क. युरोपीय नियमांत १०० ग्रॅमपेक्षा जड प्लास्टिक भागांना ही खूण लागते. त्यामुळे घोळ घालणारे छोटे भागच नेमके बिनखुणेचे सुटतात. रनरवर, म्हणजे साच्यात प्लास्टिक नेणाऱ्या वाटेत गोठलेल्या काडीवर, तर खूण कधीच नसते.

खूण नसेल तर ओळखायचं कसं?

आधी घनता, मग वितळणबिंदू. घनतेचं पुढच्या उत्तरात आहे. डीएससी नावाचं यंत्र काही मिलिग्रॅम नमुन्यावरून वितळणबिंदू दाखवतं: पीपी १६५ अंश सेल्सिअसच्या आसपास, नायलॉन ६ सुमारे २२०, नायलॉन ६६ सुमारे २६०. एकाच आलेखात दोन शिखरं दिसली तर समजा भेसळ आहे.

हातात धरायची इन्फ्रारेड बंदूक सोयीची, पण गाडीचे बहुतेक भाग काळे असतात आणि त्यातला कार्बन ब्लॅक जवळचे इन्फ्रारेड किरण गिळून टाकतो. काळ्या मालासाठी मध्य-इन्फ्रारेडवर चालणारं उपकरण लागतं. खरेदीच्या वेळी ही गोष्ट विक्रेता आपणहून सांगेलच असं नाही, तेव्हा तुमचेच काळे तुकडे घेऊन जा आणि समोर तपासून मागा.

जाळून वास घेण्याची जुनी पद्धत अजून चालते. पीपी मेणबत्तीसारखं जळून ठिबकतं, एबीएस काळी काजळी सोडतं, नायलॉनला केस जळल्याचा वास येतो, असिटलची ज्योत निळसर आणि जवळजवळ अदृश्य असते. माहीत असावं, पण रोजची सवय नको. असिटलचा धूर म्हणजे फॉर्मल्डिहाइड, आणि पीव्हीसीचा धूर हायड्रोक्लोरिक आम्लाचा.

पाण्यात टाकलं की पीपी तरंगतं आणि बाकीचं बुडतं, बरोबर ना?

अर्धं बरोबर. निव्वळ पीपीची घनता (पाण्याची १ धरून) ०.९० च्या आसपास आणि एचडीपीईची ०.९५, म्हणून ती तरंगतात. पण २० टक्के टाल्क घातलेलं पीपी १.०४ ते १.०५ वर जातं आणि बुडतं. एबीएसची घनताही १.०४ ते १.०६. म्हणजे बंपरचा आणि ग्रिलचा चुरा टाकीच्या तळाशी शेजारी शेजारी बसतो. घरगुती वस्तूंच्या भंगारात मुरलेले लोक गाडीच्या मालात फसतात ते इथेच.

मिठाच्या पाण्याने काही जोड्या सुटतात. द्रावण १.१० वर आणलं तर एबीएस तरंगतं आणि नायलॉन ६ (१.१३) बुडतं. टाल्कवाल्या पीपी आणि एबीएसला मात्र मीठ उपयोगाचं नाही. तिथे घासून विद्युतभार देणारी स्थिर-विद्युत विलगीकरणाची यंत्रणा लागते, तीही माल खडखडीत कोरडा असेल तरच चालते. आणि टाकीत थोडा साबण जरूर घाला. चुऱ्याला चिकटलेल्या बुडबुड्यांमुळे बुडणारं प्लास्टिकही तरंगत राहतं.

रंग दिलेला बंपर तसाच दळून वापरला तर काय बिघडतं?

गाडीचा रंग उष्णतेने वितळत नाही. तो एकदा पक्का झाला की कायमचा जाळीदार झालेला असतो. बॅरलमध्ये पीपी वितळतं आणि रंगाचे कण खड्यांसारखे आत तरंगत राहतात. प्रायमर, रंग आणि क्लिअरकोट मिळून थर साधारण १०० मायक्रॉनच्या आसपास, पण त्याचा प्रत्येक तुकडा तयार भागात एक खाच असतो. ठोकर बसली की तडा तिथून सुरू होतो. बंपरचं काम ठोकर खाण्याचंच, त्यामुळे नुकसान नेमकं नको तिथे होतं. पृष्ठभागावर ठिपके दिसतात ते वेगळंच. काही प्रायमरमध्ये क्लोरिनयुक्त पॉलिओलेफिनही असतं. जास्त तापलं की ते आम्ल सोडतं आणि स्क्रू-बॅरल गंजवतं.

रंग काढायचे मार्ग आहेत. चुरा एकमेकांवर घासून, दाबून किंवा आघात देऊन रंग सोलणं हा एक. गरम अल्कलीच्या द्रावणात रंग सैल करून धुणं हा दुसरा; यात पाणी आणि गाळ सांभाळायची जबाबदारी येते. तिसरा मार्ग म्हणजे वितळलेलं प्लास्टिक बारीक जाळीतून गाळणं. बहुतेक ठिकाणी पहिला आणि तिसरा जोडून वापरतात. कितीही केलं तरी थोडा रंग उरतोच, म्हणून असा दाणा शक्यतो न दिसणाऱ्या काळ्या भागांत जातो: चाकावरचे आतले पत्रे, खालची कवचं, हवेच्या नळ्या.

माझ्या मते खरी बचत रंग काढण्यात नाहीच. मोल्डिंगचा दोष, म्हणजे शॉर्ट (अपुरा भरलेला भाग), सिंक (खळगा) किंवा फ्लो मार्क (प्रवाहाच्या रेषा), रंगाच्या लाइनवर जाण्याआधी पकडला तर तोच बंपर स्वच्छ पीपी आहे. दळा आणि वापरा. रंगानंतर पकडला तर रंगाचा खर्च गेला, भट्टीची ऊर्जा गेली, आणि वर माल दूषित. तपासणीचा माणूस रंगाच्या आधी उभा आहे की नंतर, यावरच भंगाराची किंमत ठरते. मोल्डिंग आणि पेंट शॉपचे हिशोब वेगळे असले की हे कुणाच्याच वहीत दिसत नाही.

दळताना रंगाची बारीक धूळ उडते. ती ओढून घेणारी यंत्रणा आणि मास्क हवाच.

क्रोम चढवलेलं एबीएस सुटतं का?

सुटतं, पण सोपं नाही. मुलामा देण्याआधी आम्लाने एबीएसच्या पृष्ठभागावरचे रबराचे सूक्ष्म कण खाऊन बारीक खड्डे पाडलेले असतात, आणि धातू त्यांत मुळं रोवून बसतो. त्यावर तांबं, मग निकेल, आणि सगळ्यात वर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ क्रोम. मदतीला येतं ते निकेल, कारण ते चुंबकाला चिकटतं. माल बारीक दळून हॅमर मिलमध्ये ठोकला की धातूचा पापुद्रा सुटतो. मग चुंबकीय आणि स्थिर-विद्युत विलगीकरण. तांबं आणि निकेल दोन्हींना भाव असल्याने खर्चाचा काही भाग तिथून निघतो. आम्लात बुडवून धातू काढायचा उद्योग शेडमध्ये करू नका.

तेल आणि ग्रीस लागलेलं भंगार धुऊन चालतं?

चालतं. ६० ते ८० अंशांचं पाणी, अल्कलीयुक्त साबण, आणि चुरा जोरात घासणारं फ्रिक्शन वॉशर. तेल वरवर असेल तर हे पुरतं. धुतलेलं पाणी गटारात सोडायचं नाही. आधी तेल वेगळं करा, मग बारीक कण गाळा, मग पुढची प्रक्रिया.

अपवाद सिलिकॉनचा. मोल्डमधून भाग सुटावा म्हणून मारलेला सिलिकॉन स्प्रे साबणाला सहज दाद देत नाही, आणि त्याचा अंश उरला तर पुढे त्या भागावर रंग बसत नाही. रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. सिलिकॉन लागलेला माल रंगवायच्या भागात कधीच वळवू नका.

असिटल आणि पीव्हीसीची एवढी भीती का?

कारण इथे प्रश्न माणसाच्या जिवाचा आहे. असिटल १९० ते २१० अंशांवर चालतं. नायलॉन ६६ चं बॅरल २८० च्या आसपास असतं. त्याच्या हॉपरमध्ये (कच्चा माल टाकायच्या पेटीत) असिटलचा एखादा रनर दळून पडला, तर तो विघटन होऊन फॉर्मल्डिहाइड वायू सोडतो, डोळे झोंबतात, बॅरलमध्ये दाब वाढतो आणि नोझलमधून माल उडू शकतो. पीव्हीसी जास्त तापलं की हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतं, आणि आम्लामुळे असिटलचं विघटन आणखी भडकतं. म्हणून ही दोन प्लास्टिकं एका मशीनवर पाठोपाठसुद्धा चालवत नाहीत. मध्ये पीई (पॉलिइथिलीन) किंवा पीपीने बॅरल पूर्ण पर्ज करतात, म्हणजे ते आरपार ढकलून आतलं जुनं प्लास्टिक बाहेर काढतात.

असा वास आला तर नोझलसमोरून बाजूला व्हा, लोकांना दूर करा, हवा खेळती ठेवा, तापमान उतरवा आणि सुरक्षित असेल तेव्हाच पर्ज करून तो माल पाण्याच्या बादलीत टाका. टनभर मालात हा मिठाचा खडा केवढा असतो? बोटाच्या पेराएवढ्या दोन-चार क्लिपा.

पर्जिंगचे गोळे, म्हणजे लंप, कुणी घेत नाही. काय करावं?

गोळा होऊच देऊ नका. पर्ज करताना माल बादलीत साचवण्याऐवजी पत्र्यावर पातळ पोळीसारखा पसरवा. पोळी लवकर थंड होते, तुकडे होतात, साध्या ग्राइंडरमध्ये जाते. डोक्याएवढा गोळा वरून गार लागला तरी आत तासन्‌तास गरम राहतो आणि ग्राइंडरच्या ब्लेडचं वाटोळं करतो. त्याला मंद गतीचा श्रेडर किंवा करवत लागते.

दुसरं, गोळा गरम असतानाच त्याच्याजवळ चिठ्ठी ठेवा: काय होतं, काय चढवलं. तासाभराने कुणालाच आठवत नाही.

काचतंतूवालं नायलॉन किती वेळा वापरता येतं?

प्रत्येक वेळी दळताना आणि स्क्रूमधून जाताना तंतू तुटतात, आणि ताकद तंतूंच्या लांबीत असते. इथे एक फसवी गोष्ट आहे. नमुना भट्टीत जाळून राख मोजली तर काच ३० टक्केच भरते, कागदावर माल उत्तम दिसतो. काच तेवढीच आहे, पण तिची पूड झाली आहे. म्हणून राखेसोबत खेच आणि आघाताची चाचणी मागा.

रेडिएटरच्या टाक्या दाबचाचणीतून आल्या असतील तर कूलंट नीट धुऊन काढा.

व्हर्जिनमध्ये (कोऱ्या मालात) किती टक्के रिग्राइंड (दळलेलं भंगार) चालतं?

सगळ्यांना लागू असा आकडा नाही. भागाच्या ड्रॉइंगवर ग्राहकाने जे मान्य केलं असेल तेच खरं. सुरक्षेशी संबंधित भागांत ते शून्यही असतं. विद्युत भागांसाठीच्या यूएल (अमेरिकी सुरक्षा-प्रमाणन संस्था) पद्धतीत त्याच ग्रेडचं, त्याच कारखान्यातलं रिग्राइंड वजनाने २५ टक्क्यांपर्यंत चालतं. थर्मोप्लास्टिकसाठी त्याच्यापुढे वेगळी तपासणी लागते.

लोकांना वाटतं की रिग्राइंड सतत फिरवलं तर माल शेवटी पूर्ण जुनाच होईल. हिशोब करून पाहा. दर वेळी २५ टक्के रिग्राइंड घातलं तर मिश्रणात ७५ टक्के कोरा माल, १८.७५ टक्के एकदा वापरलेला, सुमारे ४.७ टक्के दोनदा, आणि तीन किंवा जास्त वेळा फिरलेला सगळा मिळून फक्त १.६ टक्के. प्रमाण ५० टक्के केलं की तोच शेवटचा आकडा १२.५ वर जातो. प्रमाण दुप्पट, थकलेला माल आठपट.

एक्स्ट्रूडरवर (चुरा वितळवून दाणा काढणाऱ्या यंत्रावर) जाळी आहे, मग घाण आपोआप अडकेल ना?

जाळी घन कण अडवते. ८० मेशची (इंचाला ८० छिद्रं) जाळी साधारण १८० मायक्रॉनवरचे, १२० मेशची १२५ मायक्रॉनवरचे. रबर आणि सिलिकॉन दबून, लांब होऊन पलीकडे जातात. वितळलेलं परकं प्लास्टिक तर सरळ वाहून जातं.

यातच एक सोय दडली आहे. पीपी २२० अंशांवर गाळताना त्यातलं नायलॉन ६६ वितळलेलं नसतं, म्हणून जाळीवर अडकतं. उलटं होत नाही: नायलॉनच्या तापमानाला पीपी पाण्यासारखं निघून जातं. म्हणजे पीपीत नायलॉन पडलं तर आशा आहे, नायलॉनमध्ये पीपी पडलं तर नाही.

सुकवणं गरजेचं आहे का?

पीपीला सहसा नाही. नायलॉन, पीसी, पीबीटीला नक्की. ओलावा राहिला की बॅरलमध्ये पॉलिमरच्या साखळ्याच तुटतात. पॉलिकार्बोनेट १२० अंशांवर तीन-चार तास सुकवून ओलावा ०.०२ टक्क्याखाली आणतात. चुरा दाण्यापेक्षा जास्त पाणी धरतो, त्यामुळे धुतलेल्या मालाला वेळ वाढवून द्या.

इंधनाच्या टाकीत तर अनेक थर असतात. ती कशी वापरायची?

टाकीत बाहेरून आत असे सहा थर असतात: काळं एचडीपीई, रिग्राइंड, चिकट थर, ईव्हीओएच (इंधनाची वाफ अडवणारं प्लास्टिक), पुन्हा चिकट थर, एचडीपीई. दुसरा थर पाहिलात? ब्लो मोल्डिंगमध्ये कापून निघणारा फ्लॅश, ईव्हीओएचसकट दळून, त्याच टाकीत परत जातो. चिकट थरातलं मॅलेइक अनहायड्राइड जोडलेलं पॉलिइथिलीन दोन न जुळणाऱ्या प्लास्टिकांना एकमेकांत धरून ठेवतं. दूषित मालाची जागा भागाच्या रचनेतच आखून ठेवण्याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. प्रत्यक्ष इंधन भरून तपासलेल्या टाक्या मात्र या वाटेने नेऊ नका. एचडीपीई इंधन शोषतं आणि ग्राइंडरमध्ये ठिणगी पडायला वेळ लागत नाही.

जे वितळतच नाही त्याचं काय?

बीएमसीचे हेडलॅम्प रिफ्लेक्टर, एसएमसीचे पत्रे (दोन्ही काचतंतू घातलेली, एकदा पक्की झाल्यावर न वितळणारी प्लास्टिकं), पीयू (पॉलियुरेथेन) फोम, ईपीडीएमची सीलं: यांतलं काहीही पीपीच्या गोणीत नको. फोमचे तुकडे चिकटवून गाद्यांचे ठोकळे बनतात, बीएमसी-एसएमसीची पूड फिलर म्हणून थोडी खपते, उरलेलं बरेचदा सिमेंटच्या भट्टीत जातं.

कमी खर्चात कोणत्या तपासण्या कराव्यात?

दाणा गरम प्रेसमध्ये दाबून पातळ फिल्म काढा आणि उजेडासमोर धरा. रंगाचे कण, न वितळलेले ठिपके, रबराच्या गाठी सगळं दिसतं. माझी ही सगळ्यात आवडती चाचणी. मग एमएफआय, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक किती सहज वाहतं याचा आकडा: पीपीसाठी २३० अंश आणि २.१६ किलो वजन. मूळ ग्रेडपेक्षा आकडा बराच वर गेला असेल तर साखळ्या तुटल्या आहेत. राखेसाठी ६०० अंशांची भट्टी, घनतेसाठी साधा काटा. गाडीच्या आतल्या भागांसाठी वासाची चाचणीही लागते, आणि रंगाचा किंवा तेलाचा अंश असलेला माल बहुधा तिथेच नापास होतो.

आपलंच रिग्राइंड वापरून 'पुनर्वापरित प्लास्टिक' असा दावा करता येतो का?

नाही. आयएसओ १४०२१ नुसार ज्या प्रक्रियेत भंगार तयार झालं त्याच प्रक्रियेत परत घेतलेलं रिग्राइंड पुनर्वापरित घटकात मोजत नाहीत. तेच भंगार बाहेर प्रक्रियेला जाऊन दुसऱ्या उत्पादनात गेलं तर 'ग्राहकपूर्व' म्हणून मोजता येतं. युरोपीय आयोगाने जुलै २०२३ मध्ये नव्या गाड्यांत २५ टक्के पुनर्वापरित प्लास्टिकचा प्रस्ताव मांडला, तेव्हा त्यात ग्राहकाच्या वापरातून आलेलं प्लास्टिकच धरलं होतं. म्हणून विक्रीच्या कागदावर शब्द जपून लिहा.

रिसायकलरकडे माल पाठवताना गोणीवर काय लिहावं?

प्लास्टिकचं नाव आणि फिलर, ग्रेड, रंग दिलेला की बिनरंगी, कुठल्या मशीनचा, तारीख, आणि सोबत काय चिकटलेलं आहे. ओळख पटत नसेल तर 'माहीत नाही' असंच लिहा. त्या गोणीला भाव कमी मिळेल, पण शेजारच्या वीस गोण्या परत येणार नाहीत. प्रत्येक लॉटमधला अर्धा किलो चुरा पिशवीत बंद करून, तीच चिठ्ठी आत टाकून, स्वतःकडे ठेवा. तक्रार येते ती तीन-चार आठवड्यांनी, आणि तोवर मूळ माल दाणा होऊन गेलेला असतो.